तारेला माणूस दिसत नाही

मॉलच्या पार्किंगमध्ये शिरताना, तिकीट देणाऱ्या खांबाच्या जरा अलीकडे, जमिनीकडे बघा. काँक्रीटमध्ये कटरने कापलेला एक चौकोन दिसेल. त्याचा चर बोटभरही रुंद नसतो. आत डांबरासारखं काळं काहीतरी भरलेलं असतं आणि चौकोनाच्या एका कोपऱ्यातून तशीच एक रेघ बाजूच्या खांबाकडे गेलेली असते. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

त्या चरात तांब्याची तार असते, तीन-चार वेढे घालून पुरलेली. आमच्या धंद्यात तिला 'लूप' म्हणतात आणि तिला जोडलेल्या तळहाताएवढ्या डबीला 'डिटेक्टर'. गाडी आली, हे फाटकाला कळतं ते या दोघांमुळे.

मी पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये अशी फाटकं दुरुस्त करतो. बूम बॅरिअर, सरकती गेटं, बेसमेंटची शटरं. तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते, "गेट गाडी ओळखत नाहीये." मी पोचायच्या आधी कुणीतरी त्या चौकोनावर उभं राहून उड्या मारून बघितलेल्या असतात. आधी वॉचमनकाका मारतात, मग सेक्रेटरी मारतात, मग सोसायटीतला सगळ्यात वजनदार गडी शोधून आणला जातो. खाली वजनकाटा आहे अशी सगळ्यांची खात्री असते.

खाली वजनकाटा नसतो. सगळ्या कमिटीने एकदम उडी मारली तरी तारेला त्याचा पत्ता लागणार नाही. आणि ॲल्युमिनियमचा मोठा पातळ पत्रा, जो शाळकरी पोरगंही उचलेल, तो वर आडवा धरला की डबीवरचा दिवा लगेच लागेल. तारेला धातू कळतो. बाकी काही कळत नाही.

'कुणीतरी आलंय' हे रस्त्याला कळावं म्हणून माणसाने गेल्या शंभरेक वर्षांत बरीच यंत्रं केली. प्रत्येक यंत्राने नकळत एक गोष्ट ठरवून टाकली : कोण आलं तर 'आलं' म्हणायचं. त्या ठरवण्याचा हा इतिहास आहे. माझ्या कामात तो रोज उपयोगी पडतो, आणि तुम्ही रोज एखाद्या फाटकातून ये-जा करत असाल तर तुमच्याही उपयोगाचा आहे.

राष्ट्राध्यक्षांच्या पाठीतली गोळी

सुरुवात रस्त्यावर होत नाही, एका आजाऱ्याच्या खोलीत होते.

२ जुलै १८८१. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत शिरली आणि आतच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. गोळी नेमकी कुठे आहे हे कुणालाच दिसत नव्हतं, आणि डॉक्टर न धुतलेल्या हातांनी जखमेत बोटं घालून तिचा शोध घेत होते.

तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आला. टेलिफोनचं पेटंट घेऊन त्याला पाच वर्षं झाली होती, वय होतं ३४. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलं होतं, की एका वेटोळ्यातला विजेचा प्रवाह बदलला की शेजारच्या वेटोळ्यातही वीज निर्माण होते. बेलने वेटोळी अशी मांडली, की त्यांचे परिणाम एकमेकांना काटतील आणि कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये शांतता राहील. जवळ धातू आला की हा तोल बिघडायचा आणि कानात आवाज यायचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या आणि अंगात जुन्या गोळ्या राहून गेलेल्या सैनिकांवर त्याने हे यंत्र तपासून पाहिलं. गोळ्या सापडल्या.

२६ जुलैला तो यंत्र घेऊन व्हाइट हाऊसमध्ये गेला. त्या दिवशी यंत्र सतत खरखरत राहिलं. जोडणीत एक चूक राहिली होती, हे नंतर लक्षात आलं. १ ऑगस्टला तो पुन्हा गेला. या वेळी आवाज आला, पण एका जागी यायच्या ऐवजी बऱ्याच मोठ्या भागावर येत राहिला. गोळी एवढी मोठी असणं शक्य नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं, की राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांनी विणलेली दुसरी गादी आहे.

गोंधळाचं एक कारण म्हणून त्या तारांकडे नेहमी बोट दाखवलं जातं. त्याहून मोठं कारण एक माणूस होता. मुख्य डॉक्टर विलार्ड ब्लिस यांना पक्कं वाटत होतं, की गोळी उजव्या बाजूला आहे. बेलला शोध घ्यायला मिळाला तो उजवीकडेच. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला सापडली.

मला या हकिगतीत बेलपेक्षा ती गादी जास्त ओळखीची वाटते. कारण ती अजून आहे. दर दुसऱ्या सोसायटीच्या गेटखाली आहे.

काँक्रीटखालची गादी

लूप म्हणजे बेलच्या यंत्राचं धाकटं भावंड. डबी तारेतून असा प्रवाह सोडते, जो सेकंदाला काही दहा हजार वेळा दिशा बदलतो. त्यामुळे तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. गाडी वर आली की तिच्या तळाच्या पत्र्यात पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात. अशा प्रवाहांचा शोध लेआँ फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५५ साली लावला. हे भोवरे मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि तारेतल्या आंदोलनाचा वेग किंचित वाढतो. डबी ही किंचित वाढ मोजते आणि म्हणते, गाडी आली.

म्हणूनच ॲल्युमिनियम चालतं. चुंबकाला चिकटणारं लोखंडच हवं असं काही नाही. वीज वाहून नेणारा धातू, आणि तोही जमिनीला समांतर असा पसरट, तारेला सगळ्यात छान दिसतो.

आता विचार करा, तारेच्या अगदी खाली सळयांची जाळी असेल तर? आपल्याकडे गेटचा रॅम्प म्हणजे आरसीसी. त्यात सळया असतातच. लूप त्यांच्यापासून निदान ५ सेंटिमीटर वर ठेवायचा असतो. पण रॅम्प आधी होतो, गेटवाला नंतर येतो, आणि कटर सळईला घासेपर्यंत चर खोल जातो. मग तारेच्या दृष्टीने तिथे कायमच एक गाडी उभी असते. त्या गाडीची सवय झालेल्या डबीला खरी गाडी आली की फरक फारच बारीक वाटतो. बंगल्याचं गेट छोटी हॅचबॅक ओळखतं आणि उंच एसयूव्ही ओळखत नाही, अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, "रॅम्प ओतला तेव्हाचे फोटो आहेत का?" आजकाल असतात. फोटोत जाळी दिसली की अर्धं काम झालेलं असतं.

हॉर्न वाजवा, सिग्नल मिळवा

बेलच्या यंत्राची कल्पना रस्त्यात उतरायला ऐंशी वर्षं लागली. मधल्या काळात लोकांनी दुसरेच मार्ग धरले.

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या चौकांत पोलिसाच्या जागी ठरावीक वेळेने बदलणारे दिवे आले. पोलिसाला डोळे होते. घड्याळाला नव्हते. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या रिकाम्या गल्लीसाठी ताटकळायच्या आणि गल्लीतून आलेली एकटी गाडी उगाच खोळंबायची. बाल्टिमोरचा चार्ल्स ॲडलर ज्युनिअर हा रेल्वे सिग्नलचा इंजिनिअर. त्याने घड्याळाला डोळ्यांऐवजी कान दिले. १९२८ साली फॉल्स रोड आणि बेल्व्हेडीअर ॲव्हेन्यूच्या चौकात त्याने खांबावर छोट्या पेटीत मायक्रोफोन बसवला. गल्लीतून आलेल्या माणसाने थांबून हॉर्न वाजवायचा. पेटी ऐकायची आणि दिवा बदलायचा.

लाल सिग्नलला उभं राहून जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवणाऱ्यांना हे वाचून भरून येईल. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की मुंबई पोलिसांनी याच्या बरोबर उलटं यंत्र लावून पाहिलं आहे. जानेवारी २०२०च्या अखेरीस त्यांनी एक व्हिडिओ काढला होता. काही चौकांतल्या सिग्नलला आवाज मोजणारी यंत्रं जोडली होती. हॉर्नचा कलकलाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. बाल्टिमोरमध्ये हॉर्न ही विनंती होती, मुंबईत तो गुन्हा ठरला. मायक्रोफोन दोन्हीकडे सारखाच, त्याला काय ऐकून काय करायचं हे सांगणारे वेगळे.

ॲडलरच्या कानाची एक मर्यादा उघड होती. पायी चालणाऱ्याकडे हॉर्न नसतो. १९२९ साली त्यानेच बाल्टिमोरमध्ये पादचाऱ्यांसाठी दाबायचं बटण बसवलं. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. एक वर्ष गाडीवाल्यासाठी, पुढचं वर्ष चालणाऱ्यासाठी. चालणाऱ्यासाठी वेगळं यंत्र लागतं, हे या इतिहासाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. पुढे ते पान अनेकांनी उलटलंच नाही.

साधारण त्याच सुमारास हेन्री हॉ या इंजिनिअरने रस्त्यात धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींवर बसवल्या. चाकाच्या दाबाने वरची पट्टी खालच्या पट्टीला टेकली की जोडणी पूर्ण. दारावरच्या बेलचं बटण रस्त्यात आडवं टाकावं तसं. हॉर्नपेक्षा हे यंत्र लोकांना पसंत पडलं आणि तीसहून जास्त वर्षं टिकलं. म्हणजे आमच्या वॉचमनकाकांच्या उड्यांमागचं तर्कशास्त्र अगदीच निराधार नाही. त्यांचा अंदाज जुन्या यंत्राचा आहे, एवढंच.

पट्ट्यांचे हाल मात्र व्हायचे. थंडीत बर्फ खरवडणाऱ्या गाड्यांची पाती त्यांना उचकटायची. रस्त्यावर डांबराचा नवा थर आला की त्या पुन्हा बसवाव्या लागायच्या. रस्त्याच्या पृष्ठभागावर जे जे हलतं, ते ते मोडतं. म्हणून असं काहीतरी हवं होतं, जे हलणारच नाही.

तार पुरली

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लूप आला. हलणारा एकही भाग नाही. चर कापा, तार घाला, वर सील भरा, विसरून जा. बघता बघता चौकात गाडी ओळखण्याचं ते सगळ्यात प्रचलित साधन झालं. १९७०च्या दशकात सिडनीत 'स्कॅट्स' आणि ब्रिटनमध्ये 'स्कूट' या संगणकी सिग्नल-यंत्रणा उभ्या राहिल्या, त्या याच तारांकडून येणाऱ्या खबरीवर. चौकांतून लूप पार्किंगमध्ये गेला, टोलनाक्यांवर गेला, आणि शेवटी घरांच्या फाटकांशी आला.

'विसरून जा' हे शब्द मात्र खरे ठरले नाहीत. पुण्यात जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजायला लागतो. अशा वेळी मी काय बघतो, ते क्रमाने सांगतो. तुमच्या सोसायटीत पुढच्या वेळी कुणी "पूर्ण लूप बदलावा लागेल" असं म्हणालं, तर विचारायला चार प्रश्न हाताशी राहतील.

आधी डबीवरचा दिवा. वर गाडी नसतानाही तो लागलेलाच असेल, तर तारेला काहीतरी दिसतंय. ते काय, हे शोधायचं. कधी सरकतं गेटच लूपच्या फार जवळून जातं आणि फाटकाला स्वतःचीच चाहूल लागते. ते बंद व्हायला निघतं, स्वतःलाच गाडी समजतं आणि पुन्हा उघडतं. कधी पावसाळी गटाराची लोखंडी जाळी सैल झालेली असते आणि शेजारून ट्रक गेला की हलते. लूपजवळ स्थिर उभा असलेला धातू फक्त नजर मंद करतो. हलणारा धातू खोटी वर्दी देतो.

मग तार. डबीपासून दोन्ही टोकं सोडवायची आणि मल्टीमीटर लावायचा. चांगल्या तारेचा विरोध जेमतेम काही ओहम येतो. आकडाच येत नसेल तर तार तुटली आहे. हे झालं की मेगरने तार आणि जमीन यांच्यातलं इन्सुलेशन बघायचं. १०० मेगाओहमच्या वर असेल तर निवांत. बरंच खाली असेल तर कुठेतरी आवरण फाटून पाणी शिरलंय. आवरण बहुतेक वेळा चौकोनाच्या कोपऱ्यात फाटतं. म्हणून जाणता कारागीर कोपरे काटकोनात ठेवत नाही, तिरपे कापतो.

मग लूपपासून डबीपर्यंतच्या दोन तारा. त्या एकमेकींना पिळून आणायच्या असतात, मीटरला साधारण वीस पीळ. न पिळलेल्या तारा स्वतःच एक लांबट लूप होतात आणि वाटेतलं सगळं ऐकत बसतात. मोटरची केबलही त्याच पाइपातून आणलेली असेल, तर मोटर सुरू झाली की गाडी आल्याचा भास होणारच. आणि जोड. ज्या जोडाला नुसती टेप गुंडाळली आहे, तो जोड पावसाळ्याची वाट बघत असतो.

शेवटी शेजार. आत येणारी आणि बाहेर जाणारी लेन शेजारी शेजारी असेल, तर दोन लूप एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात. डबीवर त्यासाठी छोटे स्विच असतात. एका लूपची वारंवारिता बदलली की भांडण मिटतं. पैसे पडत नाहीत. इथवर येऊनही दोष सापडला नाही, तरच कटर काढायचा.

आणखी एक गोष्ट फक्त यंत्राच्या स्मरणशक्तीची आहे. बऱ्याच डब्या वीज आली की त्या क्षणी जे दिसतंय त्यालाच 'काही नाही' असं समजतात आणि तिथून पुढे फरक मोजतात. आता समजा, लाइट गेली. वॉचमनकाकांनी दांडा हाताने वर केला. एक गाडी बरोबर लूपवर येऊन थांबली आणि तेवढ्यात लाइट आली. डबीच्या हिशेबात ती गाडी म्हणजे रिकामा रस्ता. दांडा खाली यायला मोकळा. यात तार चांगली, जोड चांगला, डबीही चांगली. तरी काच फुटते. म्हणून लाइट आल्यावर आधी लूप मोकळा करायचा आणि मग बॅरिअर चालू करायचं, हे मी प्रत्येक केबिनच्या भिंतीवर मार्करने लिहून येतो.

लाल दिव्यापाशी उभा सायकलवाला

वजनाच्या पट्टीकडून धातूच्या तारेकडे येताना एक बदल झाला. तो सुरुवातीला कुणी मोजला नाही. ज्याच्यात पसरट धातू कमी, तो दिसेनासा झाला.

अमेरिकेतल्या चौकांत रूढ असलेला लूप म्हणजे सहा फूट बाय सहा फुटांचा चौकोन. तो मोटारीच्या मापाचा आहे. सायकल त्याच्या बरोब्बर मध्ये उभी राहिली तर तारेला जवळजवळ काहीच जाणवत नाही. मोटारसायकलचंही कमी-अधिक तेच. रात्री अकरा वाजता रिकाम्या चौकात मोटारसायकलवाला उभा, सिग्नल बदलायचं नाव नाही, मागून मोटार आल्याशिवाय बदलणारही नाही. नियम पाळला तर तिथेच राहायचं, घरी जायचं तर कायदा मोडायचा.

शेवटी कायद्यालाच तारेशी बोलावं लागलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी असे नियम केले, की सिग्नल आपल्याला ओळखत नसेल तर दुचाकीवाल्याने ठरावीक वेळ थांबून, रस्ता मोकळा आहे हे बघून जावं. कॅलिफोर्नियाने २००७ साली दुसरा मार्ग धरला : नवा सिग्नल बसवताना किंवा लूप बदलताना तो सायकल आणि मोटारसायकल ओळखणाराच असला पाहिजे. म्हणजे जुळवून घ्यायची जबाबदारी माणसावरून काढून यंत्रावर टाकली.

तंत्र आधीपासून होतंच. चौकोनाऐवजी इंग्रजी आठच्या आकारात तार फिरवली, किंवा चौकोनात तिरप्या रेघा घातल्या, तर सायकलही दिसते. साध्या लूपवरही चाक चौकोनाच्या मध्ये न ठेवता कापलेल्या रेघेवर ठेवलं तर दिसण्याची शक्यता बरीच वाढते, कारण तारेच्या अगदी वर क्षेत्र सगळ्यात जोरदार असतं. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी रेघेवर सायकलचं चित्र रंगवतात : इथे उभे राहा म्हणजे दिसाल.

आपल्या सोसायट्यांत दुचाकी हाच बहुसंख्य समाज. तरी गेटवरचा लूप मोटारीच्या मापाने टाकला जातो. स्कूटरवाली ताई मोटारीच्या मागोमाग निघते. दांडा मोटारीला ओळखतो, ती गेली की खाली येतो, आणि मध्ये स्कूटर असते. तक्रार वहीत लिहिली जाते ती "टू-व्हीलरवाले घाई करतात" अशी. मी तिथे लूपची डबी आणखी संवेदनशील करतो, आणि तेवढ्याने भागत नसेल तर दुचाकीसाठी वेगळा लूप किंवा बाजूची मोकळी वाट सुचवतो.

उलट्या बाजूचा त्रासही असतो. लूपची नजर वर किती जाते याचा ढोबळ हिशेब, त्याच्या आखूड बाजूच्या दोन तृतीयांश. एक मीटर रुंद लूप साधारण ६५ सेंटिमीटरपर्यंत बघतो. पॅकर्सवाल्यांचा उंच ट्रक आला, की पुढची चाकं दिसतात, मागची दिसतात, आणि मधल्या उंच पोटाखाली तारेला वाटतं, गाडी गेली. घर बदलायच्या दिवशी ट्रकवर दांडा पडतो तो यामुळे.

फाटकाचा प्रश्न वेगळा आहे

सिग्नलला दिसलो नाही तर थांबावं लागतं. फाटकाला दिसलो नाही तर ते अंगावर येतं. फाटकावर काम करणाऱ्याने हा फरक एक मिनिटही विसरता कामा नये.

सरकतं लोखंडी गेट काही शे किलोंचं असतं. त्याला 'कुणी मध्ये आहे का' हे सांगणारा फक्त लूप असेल, तर त्याच्या लेखी मूल म्हणजे रिकामी जागा. म्हातारी बाई म्हणजे रिकामी जागा. काठी असेल तरी लाकडाची.

२०१०च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, दोन लहान मुली विजेवर चालणाऱ्या फाटकांत सापडून मेल्या. एक मँचेस्टरमध्ये, दुसरी वेल्समधल्या ब्रिजेंडमध्ये. त्यानंतर तिथल्या सुरक्षा खात्याने फाटकं बसवणाऱ्यांना आणि सांभाळणाऱ्यांना इशारे दिले. अमेरिकेत विजेच्या फाटकांसाठी 'यूएल ३२५' नावाचं मानक आहे. माणूस फाटकात अडकू नये म्हणून त्यात जी साधनं मान्य आहेत, त्यांत अदृश्य किरणांचा डोळा आहे, फाटकाच्या कडेला लावायची दाबाची पट्टी आहे, अडथळा जाणवला की मोटरने आपणहून मागे फिरणं आहे. लूप त्यांत धरलेला नाही. लूप मोटारीचा पत्रा वाचवतो. त्याचं काम तेवढंच आहे आणि ते तो चोख करतो.

ॲडलरने १९२९ साली पादचाऱ्यासाठी वेगळं बटण केलं, त्यातलंच शहाणपण इथे लागतं. गाडीसाठी एक यंत्र, माणसासाठी दुसरं.

आता माझं गाऱ्हाणं. मी इस्टिमेट देतो तेव्हा त्यात तीन ओळी असतात : लूपची दुरुस्ती, किरणांचा डोळा, कडेची दाबपट्टी. कमिटीच्या बैठकीत पहिली ओळ पास होते. उरलेल्या दोन 'पुढच्या वर्षी बघू' मध्ये जातात, कारण गेट तर आता चालतंय. एका सोसायटीत मी सलग तीन वर्षं तोच कागद दिला. तिसऱ्या वर्षी एक काका मला म्हणाले, "अहो, आमच्याकडे कधी काही झालं नाही." संध्याकाळची वेळ होती. त्यांच्याच पाठीमागे दोन पोरं गेटच्या खालच्या पट्टीवर उभी राहून गेटबरोबर सरकत होती. वॉचमनकाका ओरडत होते आणि पोरं हसत होती. मी काही बोललो नाही, फक्त तिकडे बोट दाखवलं. काकांनी वळून बघितलं. त्यातला एक त्यांचा नातू होता. दुसरी आणि तिसरी ओळ त्याच आठवड्यात पास झाली.

प्रत्येक गेटवर नातू असा वेळेवर येत नाही. म्हणून मी दुरुस्ती झाल्यावर आता सगळ्यांसमोर एक चाचणी करतो. ती तुम्हीही करू शकता. वॉचमनकाकांना सांगून ठेवा, आजूबाजूला कुणी नाही हे बघा, आणि सरकत्या गेटच्या वाटेत पुठ्ठ्याचा एक मोठा रिकामा खोका ठेवा. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके हल्ली प्रत्येक घरात असतात. खोक्याची उंची पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी असू द्या. मग लांब उभं राहून गेट बंद करायचं बटण दाबा.

गेट खोक्याच्या अलीकडे थांबलं, तर तुमच्याकडे डोळा आहे. खोक्याला टेकून मागे फिरलं, तर पट्टी किंवा मोटर आपलं काम करते आहे. आणि गेट खोका चेपत पुढे गेलं, तर तो खोका फेकू नका. पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा आणि माझ्यासारख्या कुणाच्या तरी कागदावरची दुसरी ओळ मोठ्याने वाचा.